कुंडीला अनुमोदन

...फीत कापली हो, फीत! कचराकुंडीची! हसू नका, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. चांगली लाल सॅटिनची फीत, तिचं एक टोक कुंडीच्या कडीला, दुसरं टोक माझ्या दुकानाच्या शटरला, आणि मधोमध आमचे नगरसेवक दादा, हातात कात्री आणि तोंड फोटोवाल्याकडे! आणि कात्री कुणाची? माझी! जरा वेळापूर्वी माणूस पाठवून मागून नेलेली, 'दादांना हवीय, छोटंसं काम आहे.' दिली मी. ती माझ्याच गळ्यावर चालणार आहे हे काय मला स्वप्न पडलं होतं? फीत कापली, टाळ्या झाल्या, दादांनी भाषण ठोकलं, की मित्रहो, ही नुसती कुंडी नाही, हे या गल्लीच्या आरोग्याचं प्रवेशद्वार आहे... आणि ते प्रवेशद्वार बरोब्बर माझ्या दुकानाच्या दारासमोर! कुंडीच्या पोटावर दादांचा हसरा फोटो, एक हात उंचावलेला, आणि खाली ठळक अक्षरांत, 'यांच्या अथक प्रयत्नांतून.' तुम्हाला सांगतो, मी सूड घेणाऱ्यातला माणूस नाही. पण त्या दिवशी कात्री परत आली ना, ती मी कपडे बांधायच्या टेबलावर ठेवली नाही, वेगळा खिळा ठोकून समोरच्या भिंतीवर टांगली. येताजाता दिसावी म्हणून.

आता माझा धंदा काय? लॉन्ड्री. सासऱ्यांनी काढलेली लॉन्ड्री, मुलगी दिली आणि मागोमाग दुकानही दिलं, म्हणाले, जावईबापू, दोघींना नीट सांभाळा. सांभाळतोय. बरं, लॉन्ड्रीवाला विकतो काय, सांगा बरं? कापड गिऱ्हाइकाचं, मळ गिऱ्हाइकाचा, बटणंसुद्धा गिऱ्हाइकाचीच. मी विकतो तो फक्त वास! नाहीतर काय, पुडकं हातात घेतलं की माणूस पहिल्यांदा काय करतो? उघडून बघतो? छे! नाकाला लावतो. डोळे मिटतो, 'हं...' म्हणतो आणि मग पाकिटाकडे हात नेतो. त्या 'हं'वर माझं घर चालतं. आणि त्या 'हं'च्या समोर आणून ठेवलंय काय, तर गल्लीभरच्या स्वयंपाकघरांचं कालचं, परवाचं, मासळीचं पाणी, नासकं दूध, आणि वरून ऊन!

बरं, कुंडी उचलत नव्हते असं नाही हां. मी खोटं बोलणार नाही. रोज सकाळी, न चुकता, पालिकेची गाडी यायची. माझं शटर वर जायला आणि गाडी यायला एकच गाठ. घरघर करत कुंडी वर उचलायची, उलटी करायची, आणि त्या वेळेला जो भपकारा सुटायचा ना... भरलेली कुंडी परवडली, पण ती रिकामी होताना बघवत नव्हती! मी आतून ओरडायचो, अरे बाबांनो, राहू दे, आज राहू दे. ऐकतंय कोण!

गिऱ्हाइकं यायची आणि पुडकं नाकाला लावायची. 'हं' नाही. 'हॅं?' म्हणायची. 'अहो लॉन्ड्रीवाले, हे धुतलंय का?' धुतलंय हो. 'नक्की?' नक्की. 'मग हे असं काय येतंय?' आता काय सांगू त्यांना, की ते गल्लीच्या आरोग्याचं प्रवेशद्वार येतंय? एक पोरगा नोकरीच्या मुलाखतीला शर्ट घेऊन गेला, संध्याकाळी परत आला, तोंड एवढंसं. म्हणाला, काका, त्यांनी मला आधी खिडकीजवळ बसायला सांगितलं, आणि मग खिडकीबाहेर. बाहेर म्हणजे व्हरांड्यात. शर्ट पुन्हा धुऊन दिला, फुकट, आणि पुन्हा तोच वास!

आणि घरात आमची ही. तिचं बरोबरच होतं, दुकान तिच्या वडिलांचं. एक दिवस ताट पुढ्यात ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, 'अहो, उन्हाळा संपेपर्यंत बघू. ती कुंडी हलली तर ठीक, नाहीतर दुकान बंद करा आणि दादाच्या गोदामावर जा.' दादा म्हणजे नगरसेवक दादा नव्हे, तिचा भाऊ, माझा मेव्हणा. हाही दादाच! माझ्या नशिबात जो भेटतो तो दादाच! या मेव्हण्याचं फरशांचं गोदाम आहे, आणि लग्नाच्या मांडवापासून त्याच्या मनात आहे की भावोजींना आपल्या हाताखाली घ्यावं. लगेच फोन आला. 'भावोजी, काही टेन्शन घेऊ नका. आपल्याकडे बाहेर एक स्टूल आहे. नुसतं बसायचं. कोण आलं, कोण गेलं, आत सांगायचं, बस.' स्टूल! ज्या माणसानं वीस वर्षं स्वतःच्या गल्ल्यावर बसून लोकांच्या कॉलरी ताठ केल्या, त्याला म्हणे स्टूल! मी म्हणालो, मेव्हणेबुवा, आभारी आहे, ते स्टूल राहू दे तुमच्याकडेच. तो म्हणाला, 'राखून ठेवतो.' राखून ठेवतो म्हणे!

पण कुंडी माझ्याच दारात का? तेच सांगतो ना. ती आधी होती दादांच्या घराच्या कोपऱ्यावर, गल्लीच्या वरच्या तोंडाला. एकदा नागरिकांची सभा भरली, प्रश्न विचारा म्हणाले, सगळे खाली बघत बसले, आणि मला मेल्याला काय सुचलं, उठलो आणि विचारलं, दादा, आमच्या खालच्या गल्लीला तुम्ही आजवर काय दिलंत? झालं! दादा माझ्याकडे बघून इतकं गोड हसले. 'मागणीची नोंद घेतली आहे.' मी खूश! घरी येऊन हिला सांगितलं, नोंद घेतली, आता दिवा तरी येईल गल्लीत. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला, खालच्या गल्लीला काहीच नाही ही खंत दूर करण्यासाठी वरची कुंडी खाली हलवण्यात यावी! मागून घेतली हो मी, स्वतःच्या तोंडानं मागून घेतली. कळल्याबरोबर तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रार करायला गेलो तर पुन्हा तेच, गोड हसू, 'आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.' मग मी म्हटलं, घ्या नोंद, मीही घेतो. पण तुम्हाला सांगतो, मी सूड घेणाऱ्यातला माणूस नाही.

आता माणसाला लाज किती असावी? दुसऱ्या दिवशी यांचा ड्रायव्हर माझ्याच दुकानात, एका हातानं नाक दाबलेलं, दुसऱ्या हातात दादांचे पांढरे शर्ट! 'नेहमीसारखे कडक.' कारण खळ द्यावी तर आमच्याच दुकानानं, ते सासऱ्यांचं कसब, गावात दुसरा कुणी अशी खळ काढत नाही. मी शर्टांकडे बघितलं, भिंतीवरच्या कात्रीकडे बघितलं, आणि खळीचं पातेलं चुलीवर चढवलं. म्हटलं, कडक हवंय ना? देतो. कॉलरला एकदा खळ, वाळवली, पुन्हा खळ, पुन्हा वाळवली, वरून अशी इस्त्री फिरवली की कॉलरवर टिचकी मारली तर टण् वाजावी. म्हटलं, बसू दे गळा आवळत, मान हलवता येऊ नये याला, दिवसभर मानेला काचू दे!

आणि झालं काय? दोन दिवसांनी ड्रायव्हर हसत हसत आला. 'दादा म्हणाले, यापुढे सगळे असेच.' म्हणजे? 'अहो, दादांची मान काय ताठ झालीय! पेपरात फोटो आला, लोक म्हणाले, काय रुबाब आहे, काय करारीपणा आहे!' घ्या! मी गळा आवळायला गेलो आणि त्यांचं व्यक्तिमत्त्व घडवून बसलो. हिला सांगितलं तर ही कपाळाला हात लावून म्हणाली, 'तुम्हाला धड सूडसुद्धा घेता येत नाही.' असं बायकोनं म्हणावं!

मग मी ठरवलं, हा माणूस निर्णय घेतो तरी कसा, ते आधी बघायचं. सर्वसाधारण सभेला बघ्यांसाठी मागे एक बाक असतं, तुम्हाला माहीत नसेल, कुणालाच माहीत नसतं, त्या बाकावर मी एकटा! सभागृह कसं, तर उंच छत, हळू फिरणारे पंखे, गोलाकार टेबलं, प्रत्येकापुढे माइक आणि प्रत्येकाच्या माइकवर झाकण तसंच. वर अध्यक्ष, बाजूला चिटणीस. चिटणीस एका सुरात वाचत सुटायचे, 'विषय क्रमांक चार, जलवाहिनी, विषय क्रमांक पाच, पथदिवे...' आवाज असा की तान्हं पोर असतं तर झोपलं असतं. पोर नव्हतं, म्हणून दादा झोपायचे! खरं सांगतो. पाचव्या विषयाला दादा गाढ. पण कळतं का कुणाला? कसं कळणार, माझी कॉलर ना! मान सरळ, हनुवटी वर, डोळे तेवढे मिटलेले, वाटावं माणूस जनतेचा विचार करतोय.

आणि तिथं एक रिवाज आहे, तो ऐका, सगळी गंमत त्यातच आहे. विषय वाचून झाला की अध्यक्ष विचारतात, 'सूचक?' कुणीतरी उभं राहतं, 'मी.' मग विचारतात, 'अनुमोदक?' म्हणजे याला पाठिंबा द्यायला दुसरं कोण? एवढं झालं की 'कुणाचा विरोध? नाही. मंजूर!' पुढचा विषय. तर तो 'अनुमोदक?' शब्द कानावर पडला रे पडला की दादा झोपेतून, डोळे न उघडता, खणखणीत आवाजात, 'माझं अनुमोदन!' जलवाहिनी? माझं अनुमोदन! पथदिवे? माझं अनुमोदन! भटकी कुत्री? माझं अनुमोदन! कारण त्यांची म्हणे प्रतिज्ञा होती, सभेच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली आपलं नाव छापून आलंच पाहिजे. इतक्या वर्षांची सवय, शरीरातच मुरलेली. तोंड त्यांचं बोलतं, ते स्वतः तिथं नसतात.

म्हटलं, अरे, हा माणूस कशालाही अनुमोदन देईल! कशालाही! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, तेवढ्यात विरोधी बाकावरच्या बाई उठल्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, निम्म्या सभागृहाला त्यांनी कधीकाळी बाकावर उभं केलेलं. बाईंनी मांडलं, की खालच्या गल्लीतली कचराकुंडी हलवा. माझीच कुंडी हो! मी बाकाच्या कडेला आलो. अध्यक्ष म्हणाले, 'अनुमोदक?' दादांचं तोंड उघडलं, 'मा...' आणि शेजारच्या सदस्यांनी बरगडीत असं कोपर हाणलं की दादा 'झं' म्हणायच्या आत जागे! गप्प. ठराव पडला. बाई बसल्या. तर ती अशी व्यवस्था होती. दादांच्या शेजारी त्यांच्याच पक्षाचे एक सदस्य, दिवसभर काम एकच, विरोधकांचा विषय आला की कोपर मारायचं. मी त्यांचं नावच ठेवलं, कोपर.

म्हणजे बघा, माझ्या आणि त्या कुंडीच्या मधे उरलं काय? नगरसेवक नाही, पालिका नाही, कायदा नाही. एक कोपर! आता कोपर अडवायला काय लागतं, ते गावात कुणाला कळणार? वकिलाला? डॉक्टरला? बाकावरून उठताना मी हसत होतो, शिपायानं दोनदा वळून बघितलं.

बाईंच्या घरी गेलो. त्यांना म्हटलं, बाई, तोच विषय पुढच्या सभेत पुन्हा मांडा, आणि नुसतं 'हलवा' म्हणू नका, कुठे हलवायची तेही घाला. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. 'आणि अनुमोदन कोण देणार? माझ्या ठरावाला आजवर कुणी दिलेलं नाही.' मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. 'तुम्ही करणार काय?' मी म्हटलं, मी काय करणार, मी धुतो, खळ देतो, इस्त्री करतो. मला वाटतं बाईंना वर्गातलं एखादं जुनं व्रात्य कार्टं आठवलं असावं, गालातल्या गालात हसल्या आणि म्हणाल्या, ठीक आहे, शेवटचा विषय म्हणून टाकते, चहाच्या आधीचा.

आणि मग मी तो शर्ट केला. तुम्हाला सांगतो, मी सूड घेणाऱ्यातला माणूस नाही, मी कारागीर आहे. सासऱ्यांचं सगळं कसब त्यात ओतलं. कॉलर नेहमीसारखी, पाठ नेहमीसारखी, कुणाला संशय यायला नको. पण बरगड्या! डावी बाजू, जिथं कोपर लागतं, तिथं खळीवर खळ, खळीवर खळ, दोन दिवस नुसती तीच बाजू. ही मागून बघत होती, चूल विझायला आली की लाकूड पुढे सारायची. शेवटची इस्त्री फिरवली आणि बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं. टक, टक. दार वाजवल्यासारखं! ही म्हणाली, 'आत कोण आहे विचारा.' उन्हाळा संपत आला होता हो, आणि कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

सभेच्या सकाळी शर्ट पोचता केला. दादांना गाडीत म्हणे दोघांनी मिळून बसवलं. मी बाकावर हजर. चिटणीस सुरू झाले, जलवाहिनी, पथदिवे, आणि दादा नेहमीच्या वेळेला गेले. बसलेत कसे! ताठ! माझंच मला कौतुक वाटलं. माझं अनुमोदन, माझं अनुमोदन, एकेक विषय चाललाय, बाहेर चहाच्या कपांचा खणखणाट सुरू झाला, सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या, आणि चिटणीसांनी शेवटचा विषय घेतला. बाई उभ्या राहिल्या, सूचक मी, आणि सावकाश, एकेक शब्द फळ्यावर लिहावा तसा म्हणाल्या, 'खालच्या गल्लीतली कुंडी माननीय दादांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली राहावी, म्हणून ती त्यांच्या निवासस्थानाच्या दारासमोर कायमस्वरूपी बसवण्यात यावी.'

कोपर तयारच होते. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, 'अनुमोदक?' आणि कोपर चाललं! टक! मला मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं! टक! टक! शर्ट हलतोय का? नाव नको! कोपरांनी पुन्हा हाणलं आणि स्वतःच कळवळून हात चोळत बसले, आणि दादा, डोळे मिटलेले, हनुवटी वर, जनतेचा विचार करत, खणखणीत आवाजात...

'माझं अनुमोदन!'

सगळे दादांकडे बघताहेत, दादा झोपलेत. अध्यक्षांनी विचारलं, कुणाचा विरोध? कोपर उठायला लागले, अर्धे उठले आणि थांबले. त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं हो ते काय विचार करताहेत, की दादांनी स्वतः दिलंय म्हणजे वरून ठरलेलं दिसतंय, आपल्याला कसं कळवलं नाही! आणि बसले. बाकीचे म्हणाले, कोपर बसले म्हणजे वरूनच ठरलंय. मंजूर! आणि मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. स्वतःच्या दारात कचरा मागून घेणारा नगरसेवक! टाळ्यांनी दादा जागे झाले, सवयीनं उभे राहिले, सवयीनं हात उंचावला आणि म्हणाले, 'हे तर माझं कर्तव्यच होतं!' मी बाकावर तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो.

त्यांना कळलं चहाच्या वेळी. पण आता करतात काय? इतिवृत्तात नाव, पेपरात फोटो, 'त्यागमूर्ती' असा मथळा! नाही म्हणायची सोयच राहिली नाही. कुंडी गेली. माझ्या डोळ्यांदेखत उचलली, वरच्या गल्लीला नेली, पुन्हा फीत, पुन्हा टाळ्या, आणि कात्री? कात्री मीच घेऊन गेलो! खिळ्यावरून काढली, पदरचा कापूस लावून पुसली आणि दादांच्या हातात दिली. म्हटलं, दादा, छोटंसं काम आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फीत कापली, आणि कुंडीवरचा त्यांचाच फोटो त्यांच्याच बैठकीच्या खिडकीत बघून हसत होता. मी घरी येऊन जेवलो काय, झोपलो काय, विचारू नका. हिनं माहेरी फोन करून सांगितलं, स्टूल देऊन टाक कुणाला तरी.

असं सगळं छान झालं. इथंच थांबायला हवं होतं, नाही? पण थांबतंय थोडंच! वरच्या गल्लीत वास सुटला. दादांकडे दिवसभर माणसं, कुणाला दाखला हवा, कुणाला नळ, सगळी त्यांच्या बैठकीत बसलेली, आता कुणी बसेना. आठवड्यात वहिनींनी निक्षून सांगितलं म्हणे, कुंडी सरकारी आहे, ती मला हलवता येत नाही, तुम्हाला हलवता येतं. माणसं घेऊन दुसरीकडे बसा, घरात जेवायपुरते या. आता दादा बसणार कुठे? गावात पालिकेच्या मालकीची, रिकामी, मोक्याची, नुकतीच स्वच्छ धुऊन काढलेली जागा कुठे आहे?

...हो. तीच. मीच धुतली होती, साबण लावून! पुढच्या सभेत विषय आला, जनसंपर्क कार्यालय, जागा खालची गल्ली. सूचक कोपर. अनुमोदक दादा, आणि या वेळी टक्क जागे. मंजूर. दोन दिवसांत पत्र्याचं कार्यालय उभं राहिलं, बरोब्बर माझ्या दारासमोर. लाल फीत, एक टोक कार्यालयाला, दुसरं माझ्या शटरला. आणि माणूस आला, 'कात्री द्या.'

आता रोजचं काय वर्णन करू? सकाळी मी शटर वर करतो तर दादा बनियनवर दारात, 'लॉन्ड्रीवाले, तुमच्या खळीनं मला माणूस केलं, आता तुमच्याशिवाय करमत नाही.' पाठोपाठ त्यांची माणसं, दुपारी लाउडस्पीकर, संध्याकाळी भाषण. कार्यालयात जागा पुरत नाही म्हणून निम्मी माझ्या दुकानात बसतात, टेबलावर कोपरं टेकवून, धुतलेल्या कपड्यांना हात पुसत. धंदा? धंदा जोरात आहे, तेच तर! सगळ्यांना दादांसारखी ताठ कॉलर हवी. दुकान बंद करायची भाषासुद्धा ही काढत नाही. आणि माझ्या गल्ल्यावर कोण बसतं? स्वतः कोपर. मग मी कुठे बसू? उद्घाटनाला मेव्हणा आला होता ना, कार्यालयाला भेट घेऊन. 'भावोजी, बहीण म्हणाली होती, देऊन टाक कुणाला तरी.' स्टूल! तेच! माझ्याच दुकानाच्या दारात मांडलंय, मी त्यावर बसतो आणि येणारा जाणारा मला विचारतो, काका, दादा आत आहेत का? आणि मी सांगतो, आहेत.

तुम्हाला सांगतो, मी सूड घेणाऱ्यातला माणूस नाही. राहिलोच नाही आता. परवा सकाळी स्टुलावर बसून वरच्या गल्लीकडे बघत होतो, पालिकेची गाडी आली, घरघर करत कुंडी उचलली, उलटी केली, आणि खरं सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वासानं नाही हो. म्हटलं, काय शहाणी वस्तू होती ती! रोज सकाळी रिकामी व्हायची. हे समोरचं पाच वर्षांनी एकदा उचलतात... आणि तेही पुन्हा तिथंच ठेवायला.